व्हजायनोप्लास्टीनंतरचा नववा आठवडा : रक्ताचे डाग, डायलेटरची भीती आणि लघवीची वाकडी धार

प्रश्न सोलापूर जिल्ह्यातल्या २७ वर्षांच्या एका ट्रान्स स्त्रीचा आहे. परराज्यात जाऊन शस्त्रक्रिया केली, लिंगाच्या त्वचेपासून योनिमार्ग तयार केला, त्याला आता नऊ आठवडे झाले. डायलेटर, म्हणजे योनिमार्ग आकसू नये म्हणून काही वेळ आत घालून ठेवायचा दांडा, बाहेर काढला की त्याला रक्त लागलेलं असतं. योनीच्या तोंडाशी लाल मांस वाढल्यासारखं दिसतं, पिवळट स्राव जातो, लघवी उजव्या मांडीवर उडते. घर दोन खोल्यांचं, आई आणि भाऊ कायम घरात. त्यामुळे दिवसातून तीनदा करायचं डायलेशन एकदावर आलं आणि आता मधल्या मापाचा डायलेटर आत जाईना. सर्जन मोबाइलवर ‘नॉर्मल आहे, चालू ठेवा’ एवढंच कळवतात. गावातल्या डॉक्टरांनी ‘ही केस आमच्याकडे नको’ म्हणून परत पाठवलं. ऑपरेशन फसलं का, आणि दुखतंय तर डायलेशन थांबवू का, असं त्या विचारतात.

ताई, दोन्ही प्रश्नांची उत्तरं आधी देते. तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून ऑपरेशन फसलेलं दिसत नाही. आणि डायलेशन थांबवू नका, उलट या आठवड्यात ते पुन्हा तीनदावर आणायचं आहे. कसं, ते पुढे सांगते.

मी युरॉलॉजिस्ट आहे, वीस-बावीस वर्षं पुण्यात काम करते. या शस्त्रक्रियांत प्लास्टिक सर्जनच्या जोडीनं मी उभी असते, पण माझा जास्त वेळ जातो तो दुसरीकडे शस्त्रक्रिया करून घरी परतलेल्यांच्या तक्रारींत. टेबलावरचे पाच-सहा तास सगळ्यांच्या लक्षात राहतात. त्यानंतरचं वर्षभर मात्र बाई एकटी पडते. तुमचं पत्र वाचून मला तेच जास्त लागलं.

तुमच्या पत्रात काही गोष्टी नाहीत, आणि त्या नाहीत म्हणूनच मी निवांत लिहू शकते. तासाभरात पॅड भिजेल इतकं ताजं लाल रक्त. थंडी वाजून १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप, त्यासोबत सूज वाढत जाणं किंवा पू. लघवी पूर्ण अडणं. योनीतून शौच किंवा शौचासारखा पातळ पदार्थ येणं. एकाच पोटरीला सूज येऊन ती दुखणं, किंवा अचानक धाप लागून छातीत दुखणं. यातलं एक जरी झालं, तरी फोनची वाट न बघता, रात्र असली तरी, जवळच्या मोठ्या दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत जायचं आणि कोणती शस्त्रक्रिया झाली आहे ते स्पष्ट सांगायचं. पोटरीचं आणि धापेचं मुद्दाम लिहिलं, कारण इस्ट्रोजेन चालू असताना आणि लांबच्या प्रवासानंतर शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, आणि ती फुप्फुसात गेली तर वेळ फार थोडा मिळतो.

आता त्या लाल मांसाकडे येऊ. ओल्या तुतीसारखं, मऊ, चमकदार, हात लागला की लगेच रक्त येणारं, पण फारसं न दुखणारं असं ते असेल, तर ते ग्रॅन्युलेशन आहे. जखम भरताना शरीर नव्या रक्तवाहिन्या तयार करतं. त्या गरजेपेक्षा जास्त झाल्या आणि त्यांच्यावर त्वचा चढली नाही, की असा गुच्छ उरतो. व्हजायनोप्लास्टीनंतर हे अगदी नेहमी दिसतं. डायलेटर घासला की त्यातून रक्त येतं आणि पिवळट स्रावही बराचसा त्यातूनच पाझरतो. उपाय सोपा आहे. सिल्व्हर नायट्रेटची काडी त्या जागेला टेकवून ती जागा जाळतात. क्षणभर चुरचुरतं, जागा पांढुरकी-करडी पडते, पुढचे एक-दोन दिवस काळपट स्राव जातो. बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांच्या अंतरानं दोन-तीनदा लावावं लागतं. काही ठिकाणी स्टेरॉइडचं मलम देतात, पण ते डॉक्टरांनी बघून द्यायचं आहे, मेडिकलमधून मागून आणायचं नाही.

आणि इथेच तुमच्या गावातल्या डॉक्टरांचा मुद्दा येतो. गर्भाशय काढल्यानंतर योनीच्या वरच्या टोकाला हेच ग्रॅन्युलेशन येतं. बाळंतपणातल्या टाक्यांवरही येतं. त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणची कुठलीही स्त्रीरोगतज्ज्ञ ते ओळखू शकते आणि तिच्या कपाटात ती काडी बहुधा असते. तिच्याकडे जाताना ‘माझी लिंगबदलाची शस्त्रक्रिया झाली आहे, काहीतरी बघा’ असं म्हणू नका. ‘टाक्यांच्या जागी ग्रॅन्युलेशन आलंय असं वाटतं, लहान स्पेक्युलमनं आत बघून काडी लावाल का?’ असं विचारा. ओळखीचं काम समोर आलं की डॉक्टरांची भीती पुष्कळ कमी होते, हे मी सहकाऱ्यांच्या बाबतीत कितीदा तरी पाहिलंय. स्पेक्युलम म्हणजे योनी उघडून आत बघायचं उपकरण; लहान मापाच्याच स्पेक्युलमचा आग्रह धरा. नेहमीच्या मापाचं स्पेक्युलम नवव्या आठवड्यात घालू देऊ नका.

लाल मांस सगळ्यात खाली, गुदद्वाराच्या बाजूच्या टोकाला असेल, तर तिथले टाके थोडे उसवलेले असण्याचीही शक्यता आहे. त्या जागेवर सगळ्यात जास्त ताण असतो आणि रक्तपुरवठा बेताचा, म्हणून पहिल्यांदा उसवतं ते तिथेच. बोटाच्या पेरापेक्षा लहान उघडी जखम पुन्हा शिवत नाहीत. स्वच्छ ठेवली की खालून भरत येते, फक्त पाच-सहा आठवडे घेते. हळद, खोबरेल तेल, कोरफडीचा गर यांतलं काहीही आत लावू नका. आणि एक प्रश्न मी प्रत्येकीला विचारते, तुम्हालाही विचारते: मिश्री लावता का? सिगरेट ओढत नाही म्हणून सांगणाऱ्या कितीतरी जणी सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात आणि ती तंबाखूच आहे हे त्यांच्या मनातही नसतं. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि नेमक्या याच कडा मरतात. साखरेचा त्रास असेल तर उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची, दोन्ही तपासून घ्या. साखर जास्त असेल तर कुठलंही मलम पुरं पडत नाही.

डायलेशनबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण तुमच्या सगळ्या तक्रारींत वेळेच्या हिशोबानं तीच सगळ्यात महत्त्वाची आहे.

कान टोचल्यावर आजी भोकात कडुनिंबाची काडी घालून ठेवायची, आठवतं? काडी काढली की दोन दिवसांत भोक बुजायला लागायचं. तुमच्या शरीरात मूत्राशय-प्रोस्टेट आणि गुदाशय यांच्या मधली जागा मोकळी करून तिथे त्वचेचं अस्तर बसवलंय. ती वाट ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंमधून जाते. त्या स्नायूंचं कामच घट्ट मिटून राहण्याचं. त्यात अस्तराबाहेरचा व्रण पहिले काही महिने सतत आकसत असतो, आणि हे आकसणं पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात जोरात असतं. तुम्ही अजून त्या तीन महिन्यांच्या आत आहात. म्हणून आज गमावलेले आठवडे पुढच्या वर्षीच्या आठवड्यांपेक्षा महाग आहेत. उलट बाजूनं बघितलं तर, व्रण अजून कोवळा आहे, आणि नुकतंच गमावलेलं माप याच काळात परत मिळण्याची आशा सगळ्यात जास्त असते.

प्रत्येक सर्जनचं वेळापत्रक थोडं वेगळं असतं. सर्वसाधारणपणे पहिले तीन महिने दिवसातून तीनदा, मग दोनदा, मग एकदा, आणि वर्षानंतर आठवड्यातून एक-दोनदा, तेही कायमचं. तुमच्या सर्जनचं लेखी वेळापत्रक असेल तर तेच पाळा. मधला डायलेटर जात नाही म्हणून त्याच्याशी झगडू नका. आजपासून एक माप खाली उतरा. लहान डायलेटर पूर्ण खोलीपर्यंत आरामात जातो ना, ते बघा. आधी खोली सांभाळायची, रुंदी नंतर मिळवता येते. चार-पाच दिवस लहान माप तीनदा करा. मग लहानानं दहा मिनिटं सुरुवात करून लगेच मधला घालून बघा. तो अर्धाच गेला तरी चालेल, तिथेच धरून ठेवा.

करण्याआधी लघवीला जाऊन या. उताणं झोपून गुडघ्यांखाली उशी घ्या, म्हणजे मांड्या आपोआप सैल पडतात. वंगण पाण्याचं घ्या आणि भरपूर घ्या. व्हॅसलीन किंवा तेल आत चिकटून राहतं, आणि डायलेटर सिलिकॉनचा असेल तर सिलिकॉनच्या वंगणानं तो खराब होतो. सुरुवातीचा रोख सर्जनच्या नर्सनं दाखवलाय तोच ठेवा. टोक जघनाच्या हाडाखालून पुढे सरकलं की मग सरळ आत जाऊ द्या. अडलं की ढकलू नका. श्वास सावकाश बाहेर सोडा आणि शौचाला बसल्यावर खालचा भाग जसा आपोआप सैल सोडतो, तसा सोडा. दोन-तीन श्वासांनंतर अडलेला डायलेटर पुढे सरकतो, तेव्हा समजायचं की अडवत होता तो स्नायू. तितक्याच खोलीवर प्रत्येक वेळी भिंतीसारखं कडक काही लागत असेल आणि श्वासानं काहीच फरक पडत नसेल, तर तो व्रण असू शकतो, आणि ते डॉक्टरांनी बोटानं तपासायला हवं. हा फरक तुम्हालाच सगळ्यात आधी कळतो. घड्याळ लावायचं ते डायलेटर पूर्ण आत गेल्यावर, घालायला सुरुवात केल्यापासून नाही.

स्नायूच अडवत असेल तर ओटीपोटाच्या स्नायूंची फिजिओथेरपी फार उपयोगी पडते. बाळंतपणानंतरच्या तक्रारींसाठी हे काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्ट आता मोठ्या शहरांत मिळतात. त्यांना हे नवं नसतं. झायलोकेन जेली मी सरसकट देत नाही. बधिर जागेला इजा झाली तर कळत नाही. फार घाबरलेल्या बाईला पहिले काही दिवस, तोंडाशी थोडीशी, एवढीच देते.

राहिली ती दोन खोल्यांची अडचण. ती मी किरकोळ समजत नाही. माझ्याकडे माप गमावून येणाऱ्यांत दुखतं म्हणून सोडलेल्यांइतक्याच दार लावता येत नाही म्हणून सोडलेल्या असतात. मी एक करते: लेटरहेडवर साधं मराठीत लिहून देते, ‘शस्त्रक्रियेनंतरचा व्यायाम, दिवसातून तीन वेळा, अर्धा तास, खोली बंद करून, अडथळा न आणता.’ त्यात काय शस्त्रक्रिया, कसला व्यायाम, काही लिहीत नाही. ती चिठ्ठी घरात, हॉस्टेलच्या वॉर्डनला, कामावरच्या साहेबांना दाखवता येते. आईला शस्त्रक्रियेचं ठाऊक आहे असं तुमच्या पत्रावरून वाटतं. मग आईलाच विश्वासात घ्या. ‘हे केलं नाही तर पुन्हा ऑपरेशन लागेल’ एवढं एक वाक्य पुरतं. पुन्हा ऑपरेशन म्हटलं की आई दाराबाहेर पाट टाकून बसते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पहाटे सगळे उठायच्या आत एक, भाऊ बाहेर पडला की एक आणि रात्री एक, असं बसवा. वेळा सारख्या अंतरावर नसल्या तरी चालतील.

डेऱ्यात, म्हणजे तृतीयपंथी गुरूंच्या घरी, राहणाऱ्या काही जणी शस्त्रक्रियेनंतर चाळीस दिवसांचं पथ्य पाळतात. चाळिसाव्या दिवसाचा सोहळा आनंदानं करावा. मात्र रोजचं धुणं, डायलेशन आणि डाळ-अंडी-दूध असं अंगाला लागणारं खाणं त्या पथ्यात अडकता कामा नये. गुरूंना माझ्याशी बोलायचं असेल तर मी नेहमी बोलते, आणि आजवर एकाही गुरूनं चेल्याच्या तब्येतीपुढे हट्ट धरलेला मला आठवत नाही.

लघवीच्या धारेचं आता. नवव्या आठवड्यात धार वाकडी जाणं किंवा फवारा उडणं याचं कारण बहुतेक वेळा सूज असतं. मूत्रमार्ग आखूड करून नव्या जागी शिवलाय, भोवतालच्या कडा अजून सुजलेल्या आहेत, त्यातली एखादी घडी धारेच्या वाटेत येते. लघवीला बसताना पुढे झुकून बसलात तर फरक पडतो. तीन-चार महिन्यांत सूज उतरते तशी धार सरळ होत जाते. माझं लक्ष मात्र दुसऱ्याच गोष्टीकडे असतं: धार बारीक होत चालली आहे का? कुंथावं लागतं का? पूर्वी अर्ध्या मिनिटात व्हायची ती आता दोन मिनिटं लागते का, आणि उठल्यावर पुन्हा जावंसं वाटतं का? वाकडी पण जोरदार धार असेल तर थांबा. धार सरळ असूनही सुतासारखी बारीक असेल तर थांबू नका. ते मूत्रमार्गाचं तोंड आकसल्याचं लक्षण असू शकतं. युरोफ्लोमेट्री म्हणजे यंत्रात लघवी करून वेग मोजणं, आणि लघवीनंतर मूत्राशयात किती उरलंय याची सोनोग्राफी, या दोन बिनदुखण्याच्या तपासण्यांत ते कळतं. तोंड आकसलेलं निघालं तर ते मोठं करायची शस्त्रक्रिया छोटी असते.

या तोंडाचं मला इतकं का पडलंय तेही सांगते. शिकाऊ डॉक्टर असताना माझ्याकडे वयस्कर तृतीयपंथी रुग्ण यायचे, ज्यांचं निर्वाण, म्हणजे लिंग आणि वृषण कापून काढण्याचा विधी, कित्येक वर्षांपूर्वी दाईच्या हातून झालं होतं. तसल्या जखमेत मूत्रमार्गाचं तोंड बाहेरच्या त्वचेला नीट शिवलं जात नाही; जखम भरता भरता ते मिटत जातं. वर्षानुवर्षं थेंब थेंब लघवी करत, पोट दाबून मूत्राशय रिकामं करत त्यांनी दिवस काढलेले असत. कुणाच्या मूत्राशयात खडे झालेले, कुणाचे मूत्रपिंड सुजलेले. वॉर्डात घ्यायचं तर पुरुषांच्या की बायकांच्या, यावर आमच्याच लोकांत वाद चालायचा आणि रुग्ण बाकावर बसून राहायची. त्या बाकावरच्या एकीनं मला विचारलं होतं, ‘डॉक्टर, एकदा भरभरून लघवी होईल का हो?’ तो प्रश्न ऐकल्यावर मी हे काम सोडलं नाही. म्हणून धार बारीक झाली तर लाजू नका, लगेच या.

लघवीला जळजळ, वारंवार जावं लागणं, वास, हे असेल तर प्रतिजैविकाची गोळी सुरू करण्याआधी लघवीचं कल्चर द्या. मूत्रमार्ग आखूड झालाय, त्यामुळे जंतुसंसर्ग आता पूर्वीपेक्षा सहज होतो. पाणी भरपूर प्या आणि शौचानंतर धुताना हात पुढून मागे न्या. लहानपणापासूनची सवय उलटी असेल तर ती बदलावी लागते.

स्रावाचं थोडक्यात. पहिले सहा-आठ आठवडे पिवळट-तपकिरी स्राव जाणारच. पुढेही तुमच्या योनीचं अस्तर त्वचेचं आहे, आतल्या श्लेष्मल पडद्याचं नाही. ते स्वतःला साफ करत नाही. वंगणाचे अवशेष आणि झडलेली त्वचा साठून वास येतो. सर्जननं सांगितल्याप्रमाणे कोमट पाण्यानं आतून धुणं, हाच त्यावरचा उपाय. जाहिरातीतले इंटिमेट वॉश तुमच्यासाठी नाहीत. धुऊनही सडका वास राहिला तर तपासणी करून मेट्रोनिडॅझोलसारखं औषध देतात; बायकांच्या पांढऱ्या स्रावासाठी मेडिकलवाला जी बुरशीची गोळी काढून देतो ती बहुतेक वेळा इथे उपयोगाची नसते. ज्यांची योनी मोठ्या आतड्याच्या तुकड्यापासून केलेली आहे त्यांचं गणित निराळं: तिथे ओलावा आपोआप असतो, चिकट स्राव जास्त जातो, आणि आकसतं ते बहुधा तोंडाशी, जिथे आतडं त्वचेला जोडलंय. शस्त्रक्रियेआधी केस नीट काढलेले नसतील तर त्वचेच्या योनीत आत केस उगवू शकतात, त्यांच्या गुंतवळ्यात घाण साचते. कारण न सापडणाऱ्या वासामागे मी हे दोन-तीनदा पाहिलंय.

ज्या गुंतागुंतीची सगळ्यांना सर्वात जास्त भीती वाटते, ती म्हणजे गुदाशय आणि योनी यांच्यामध्ये छिद्र पडणं, फिस्टुला. शंभरांत एखाद-दोघींना होतो. इथे एक घोटाळा नेहमी होतो. डायलेटर काढल्यावर आत शिरलेली हवा आवाज करत बाहेर पडते. तिला वास नसतो, ती फक्त डायलेशननंतर येते, आणि ती पूर्ण निरुपद्रवी असते. याउलट एरवी, चालता-बसताना योनीतून वारा सरतो, त्याला शौचाचा वास असतो, पॅडवर तपकिरी डाग दिसतात, तेव्हा डायलेशन त्याच क्षणी बंद करायचं आणि दाखवायला यायचं. माझ्याकडे आलेल्या एकीनं हा वारा तीन आठवडे लपवला होता. कुणाला सांगायचं, कसं सांगायचं, हेच तिला सुचेना, आणि भीतीनं ती डायलेशन आणखी जोरात करत राहिली. छिद्र रुंदावलं होतं. काही महिने पोटावर पिशवी घेऊन शौच दुसरीकडे वळवावं लागलं, मग दुरुस्ती झाली. आज ती बरी आहे. पहिल्या आठवड्यात आली असती तर पिशवी कदाचित टळली असती, हे मी तिला तेव्हा बोलले नाही, तुम्हाला मुद्दाम सांगते.

हार्मोन्सबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी विचारते: काय चालू आहे? वृषण काढल्यावर स्पायरोनोलॅक्टोन किंवा सायप्रोटेरोनसारख्या पुरुषी हार्मोन दाबणाऱ्या गोळ्यांची गरज उरत नाही. त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं बंद होतात. इस्ट्रोजेन मात्र बंद करायचं नाही. ‘आता ऑपरेशन झालं, गोळ्या कशाला’ म्हणून सगळंच थांबवणाऱ्या बायका माझ्याकडे येतात, आणि पाच-सात वर्षांत त्यांची हाडं साठीच्या बाईसारखी होतात. शरीराला दोनपैकी एक तरी हार्मोन लागतंच. शस्त्रक्रियेसाठी मध्ये बंद केलं असेल तर पुन्हा कधी सुरू करायचं ते एन्डोक्रायनॉलॉजिस्टना विचारा.

आणि प्रोस्टेट. ती ग्रंथी काढलेली नाही, या शस्त्रक्रियेत ती काढत नाहीत, ती आता योनीच्या पुढच्या भिंतीमागे आहे. वयाच्या पन्नाशीत कधी पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणी करायची वेळ आली, तर डॉक्टरांना इस्ट्रोजेन चालू असल्याचं सांगा. इस्ट्रोजेनमुळे हा आकडा मुळातच खूप कमी असतो, त्यामुळे पुरुषांसाठीची नेहमीची मर्यादा लावली तर धोका नजरेतून सुटतो. शरीरसंबंधांची घाई तीन महिन्यांच्या आत करू नका, आणि नंतरही कंडोम हवाच. त्वचेच्या योनीतही एचपीव्हीचे मस होतात, एचआयव्ही होतो. संवेदना सध्या बधिर, मधूनच विजेसारखी वाटत असेल. नसा वर्षभर, कधी त्याहून जास्त काळ जाग्या होत राहतात.

वाचणाऱ्यांत ट्रान्स पुरुषही असतील, म्हणून त्यांच्यासाठी एवढंच. फॅलोप्लास्टी किंवा मेटॉइडिओप्लास्टी या लिंग तयार करण्याच्या शस्त्रक्रियांत मूत्रमार्ग लांबवला असेल, तर सगळ्यात जास्त त्रास तिथेच होतो, आणि तो इतका नेहमीचा आहे की झाला तर स्वतःला किंवा सर्जनला दोष देत बसू नका. जुना आणि नवा मूत्रमार्ग जिथे जोडलाय तिथून लघवी गळते. लहान छिद्रं, पोटावरून मूत्राशयात घातलेली नळी जास्त दिवस ठेवली तर, पुष्कळदा आपोआप बुजतात. काही महिन्यांनी धार बारीक होऊ लागली तर जोड आकसला असेल. तो पुन:पुन्हा सळईनं रुंद करून घेत राहणं हा कायमचा इलाज नाही. रंगद्रव्य घालून एक्स-रे काढा, आणि मूत्रमार्गाच्या दुरुस्तीचा अनुभव असलेल्या युरॉलॉजिस्टकडे जा.

ताई, तुमच्याकडे परत येते. तुमच्या सर्जनना मोबाइलवर लक्षणं लिहीत बसू नका, कागद मागा. डिस्चार्ज कार्ड पुरत नाही, ऑपरेशन नोट हवी. त्यात अस्तर कशाचं घातलं, वृषणकोशाची त्वचा जोडली का, शेवटी खोली किती सेंटिमीटर मिळाली, गुदाशयाला इजा होऊन शिवावं लागलं का, एवढं असतं. हा कागद तुमचा हक्काचा आहे. तो हातात असला की दुसरा कुठलाही डॉक्टर अंधारात चाचपडत नाही. डॉक्टरांनी ‘आमच्याकडे नको’ म्हणणं कायद्यालाही धरून नाही. २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात आरोग्यसेवा नाकारण्याला मनाई आहे. पण मला माहीत आहे, टाके दुखत असताना कुणी कायद्याचं पुस्तक घेऊन भांडत नाही. सरकारी रुग्णालयात गेलात तर केसपेपर युरॉलॉजी किंवा प्लास्टिक सर्जरीचा काढा आणि आधी समाजसेवा अधीक्षकांच्या खोलीत जा. कोणत्या वॉर्डात, कोणत्या नावानं, हे प्रश्न त्यांच्याकडून सुटले तर ओपीडीतला अर्धा ताण उतरतो. ट्रान्सजेंडर ओळखपत्र असेल तर आयुष्मान भारत टीजी प्लस या ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेखाली तुमची नोंद होते का, तेही तिथेच विचारा. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या या योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की दिवसभर रडू येतं आणि ‘चूक तर केली नाही ना’ असं वाटतं. दीड-दोन महिन्यांच्या टप्प्यावर माझ्यासमोर रडली नाही अशी बाई थोडीच. झोप तुटलेली, हार्मोन्स वरखाली, दिवसातून तीनदा दुखरं काम, आणि ज्याची इतकी वर्षं वाट पाहिली ते आरशात अजून सुजलेलं दिसतंय. या अवस्थेत मनानं काढलेला निष्कर्ष खरा मानू नका. मात्र जगू नये असं वाटायला लागलं तर वाट बघू नका, १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन करा. तो रात्रीही चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

या चार दिवसांत एवढं करा: स्त्रीरोगतज्ज्ञाची वेळ घ्या, लहान डायलेटर तीनदा सुरू करा, आणि लघवीला किती वेळ लागतो ते दोन दिवस घड्याळ लावून बघा. डायलेटरवर खुणेचे ठिपके असतात. लहान डायलेटरचे आज किती ठिपके आत जातात आणि दवाखान्यातून निघताना किती जात होते, ते मोजून मला कळवा. ते दोन आकडे मिळाले की सोलापुरातच निभेल की तुम्हाला पुण्याला बोलवायचं, ते मी सांगू शकेन.